जुन्या ऑटोमॅटिकचं गिअर तेल: बदलायचं की हात लावायचा नाही?

धागाकर्ता

"दीड लाख किलोमीटर तेल बदललं नसेल तर आता बदलू नका, बदललं की गिअरबॉक्स बसतो." जुनी ऑटोमॅटिक वापरणाऱ्याला हा सल्ला हमखास मिळतो. मला तो घातक वाटतो. गाडी टॉर्क कन्व्हर्टरवाली (म्हणजे इंजिनची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सला देणारी) असेल आणि गिअर नीट पडत असतील, तर तेल बदलायलाच हवं.

हे तेल नुसतं वंगण नाही. व्हॉल्व बॉडीत, म्हणजे तेल वळवून गिअर बदलणाऱ्या भागात, दाब तेच पोहोचवतं, क्लच प्लेटना किती पकड मिळायची ते तेच ठरवतं, उष्णताही तेच वाहून नेतं. ढोबळ हिशेब असा की ८० अंश सेल्सिअसच्या वर दर १० अंशांना तेलाचं आयुष्य निम्मं होतं. "आजन्म तेल" असं कितीही लिहिलेलं असो, गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः साधारण ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा ८ वर्षांनी तेल बदलायला सांगते.

व्हॉल्वबॉडी

पूर्ण असहमत. लोक उगाच घाबरत नाहीत. वर्षानुवर्षं न बदललेल्या गिअरबॉक्सच्या कोपऱ्याकोपऱ्यात वार्निश (जुन्या तेलाचा चिकट थर) आणि गाळ बसलेला असतो. नव्या तेलातले डिटर्जंट तो सैल करतात. व्हॉल्व बॉडीतले व्हॉल्व इतके घट्ट बसवलेले असतात की बारीक कणही त्यांना अडकवू शकतो. मग दुसऱ्याचा तिसरा पडताना झटका, नाहीतर रिव्हर्स उशिरा. त्यात मशीन लावून दाबाने फ्लश केलं, म्हणजे जुनं तेल ढकलून बाहेर काढलं, तर विचारूच नका.

दुसरं, प्लेट झिजून गुळगुळीत झाल्या असतील तर ताज्या तेलात त्या आणखी घसरतात. आज कशीबशी चालणारी गाडी उद्या चढावर नुसती रेझ होते, पुढे सरकत नाही.

डिपस्टिक

व्हॉल्वबॉडी, दाबाच्या फ्लशबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत, पण तो तेलाचा दोष नाही, पद्धतीचा आहे. बाकीचं बरंचसं कावळा बसायला आणि फांदी तुटायला. गाडी घसरायला लागल्यावरच लोकांना तेल आठवतं. प्लेट तेव्हाच जळालेल्या असतात. पंधरा दिवसांत गिअरबॉक्स जातो आणि खापर नव्या तेलावर फुटतं.

म्हणून आधी तेल बघा. पांढऱ्या कागदावर एक थेंब टाका. तपकिरी पण पारदर्शक, डाग सारखा पसरला, तर तेल जुनं झालंय, बदला. काळं, करपल्याचा वास, थेंबाच्या मधोमध काळा चुरा आणि गाडीही घसरतेय, तर नवं तेल ओतून पैसे घालवू नका, गिअरबॉक्स उघडायची वेळ आली आहे. गुलाबी दुधाळ असेल तर रेडिएटरमधला कूलर फुटून कूलंट आत शिरलंय. त्यातलं ग्लायकॉल प्लेटवरच्या कागदी अस्तराचा चिकटा सोडवतं. कूलर न बदलता तेल बदलणं म्हणजे आगीतून फुफाट्यात.

व्हॉल्वबॉडी

म्हणजे लक्षण दिसलं की बदलायचं नाही, हे तुम्हीही मान्य केलंत. माझा मुद्दा तोच.

धागाकर्ता

सगळ्या लक्षणांना नाही. साठ-सत्तरच्या स्थिर वेगात, ॲक्सिलरेटरवर हलका पाय असताना खडबडीत पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथर येत असेल, तर ती बहुतेक वेळा टॉर्क कन्व्हर्टरच्या लॉकअप क्लचची (स्थिर वेगात इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणाऱ्या क्लचची) असते. तेलातली घर्षण सांभाळणारी द्रव्यं संपली की ती सुरू होते आणि योग्य तेल घातल्यावर पुष्कळदा थांबते. तिथे वाट बघत बसलात तर अस्तर झिजून कन्व्हर्टरच बदलावा लागतो.

तिसरा गिअर

पद्धतीवर बोलू. समजा गिअरबॉक्समध्ये एकूण ८ लिटर तेल आहे. चेंबर (तळाचं तेलाचं ताट) उतरवला तर साडेतीन लिटरच येतं, बाकीचं कन्व्हर्टर, कूलर आणि नळ्यांत अडकलेलं. एकदा बदलून ४४ टक्के नवं, दुसऱ्यांदा ६८, तिसऱ्यांदा ८२. प्रत्येक वेळी मध्ये पाचशे-हजार किलोमीटर गाडी चालवा. व्हॉल्वबॉडींच्या गाळाच्या भीतीवर हाच उतारा आहे, कारण साफसफाई हळूहळू होते.

पहिल्या वेळी चेंबर उतरवून फिल्टर बदला. जुन्या फिल्टरची ओ-रिंग किंवा सील वर भोकातच चिकटून राहते. ती न काढता नवा फिल्टर ठोकला तर तो नीट बसत नाही, पंप हवा ओढतो. गॅस्केट गळतं म्हणून चेंबरचे बोल्ट आवळत बसू नका. बऱ्याच गाड्यांत ते जेमतेम ८ ते १० न्यूटन मीटरचे असतात. जास्त पिळले की ॲल्युमिनियमच्या बॉडीतले आटे जातात, चेंबरची कडही वाकते. तळाच्या चुंबकावर करडी, मलमासारखी पेस्ट असेल तर ठीक. चमकणारे तुकडे बोटाला टोचले तर काम थांबवा.

व्हॉल्वबॉडी

तीन वेळा गाडी वर चढवायची, साडेदहा लिटर तेल ओतायचं आणि तरी अठरा टक्के जुनं आत! बदलायचंच ठरलं, तर फिल्टर बदलून झाल्यावर कूलरची परतीची नळी सोडा. इंजिन निवांत चालू ठेवा, एक लिटर बादलीत आलं की बंद करा, तेवढंच नवं भरा. रंग स्वच्छ होईपर्यंत असं करा. गिअरबॉक्सचा स्वतःचाच पंप तेल ढकलतो, बाहेरचा दाब नाही. मात्र एक माणूस बादलीवर आणि एक इंजिनच्या किल्लीवर हवाच, पंप कोरडा पडला की संपलं.

डिपस्टिक

कधीच न बदललेल्या गाडीत मी पहिल्या फटक्यात हे करणार नाही. आधी तिसरा गिअर म्हणतात तसं एकदा, मग हजार किलोमीटरनंतर नळीची पद्धत.

तेल मात्र पुस्तिकेत लिहिलेलंच घ्या. लाल दिसलं म्हणजे चालतं असं नाही, लाल हा फक्त रंग मिसळलेला असतो. टोयोटाची टी-फोर आणि डब्ल्यूएस ही दोन तेलं एकमेकांच्या जागी चालत नाहीत. सीव्हीटीचं (ठरावीक गिअर नसलेल्या ऑटोमॅटिकचं) तेल तर वेगळीच गोष्ट.

तिसरा गिअर

पातळीवर सगळ्यात जास्त चुका होतात. बहुतेक गाड्यांत जमीन सपाट, तेल गरम, इंजिन चालू, प्रत्येक गिअरमध्ये तीन-चार सेकंद थांबून परत पार्कमध्ये, मग काडी (तेल मोजायची डिपस्टिक) बघा. होंडाच्या बऱ्याच गाड्यांत उलट, इंजिन बंद करून मिनिट-दीड मिनिटात. कमी भरलं तर पंप घूं करतो आणि गिअर उशिरा पडतो. जास्त भरलं तर फिरते भाग तेल घुसळून फेस करतात, मग हवेमुळे दाब पडतो आणि गाडी घसरते. "तेल बदललं आणि बिघडली" यातल्या कित्येक तक्रारी इथल्याच.

काडी नसलेल्या गाडीत पातळी बुचातून, ठरलेल्या तापमानाला. तिथे भरायचं बूच आधी सोडवून बघा, मगच खालचं काढा. वरचं गंजून बसलेलं असलं तर रिकामा गिअरबॉक्स घेऊन अडकाल.