उजवीकडच्या चार बटणांवर अक्षरं कोणत्या क्रमाने?

रामबागकर
आम्ही तिघं मित्र इंदूरमध्ये हातात धरून खेळायचं छोटं गेमिंग यंत्र तयार करतोय. बोर्ड झाला, थ्रीडी प्रिंटचं कव्हरही बसलं. बटणांची डाय (प्लॅस्टिक ओतायचा साचा) बनवायला देण्याआधी अक्षरांचा क्रम ठरवायचाय. माझं मत निन्टेंडो या जपानी गेम कंपनीच्या क्रमाच्या बाजूने आहे: उजवीकडे ए, खाली बी, वर एक्स, डावीकडे वाय. त्यांच्या १९९० च्या सुपर फॅमिकॉम या गेमिंग यंत्रावर हाच क्रम होता, आणि नंतरच्या स्विचवरही हाच आहे. त्याआधी त्यांच्याच गेम बॉयला उजवीकडे दोनच बटणं होती, तिथेही ए उजवीकडेच. आमच्या यंत्रावर मुख्यतः जुने गेम चालणार. त्यांत ‘ए दाबा’ असं आलं की ए तिथेच सापडला पाहिजे.

जेलरोड_रिपेअर
अजिबात पटलं नाही. माझ्या दुकानात येणारी कॉलेजची मुलं कॉम्प्युटरवर खेळून मोठी झालीत. त्यांचा ए खाली, बी उजवीकडे, एक्स डावीकडे, वाय वर. लोक याला मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स या गेमिंग यंत्राचा क्रम म्हणतात, पण सेगा कंपनीच्या ड्रीमकास्टवर तो १९९८ मध्येच होता. २०२२ च्या स्टीम डेक या हातात धरायच्या यंत्रानेही हाच घेतला, कारण विंडोजचे गेम पडद्यावर हीच अक्षरं दाखवतात. तुमच्या यंत्रावर असा गेम लावला आणि ‘एक्स’ दिसला, तर मुलगा वरचं बटण दाबणार. गेमला हवं असणार डावीकडचं.

रामबागकर
दादा, अदलाबदल सेटिंगमध्ये करता येते.

जेलरोड_रिपेअर
तेच तर सांगतोय! सेटिंग कधीही बदलेल, प्लॅस्टिकवर छापलेलं बदलणार नाही. आणि गेममधल्या ए ला तुमचा ए, असं अक्षराला अक्षर जुळवलंत की उडीचं बटण खालून उजवीकडे जातं. पळता पळता उडी मारायची अंगठ्याची सगळी सवय मोडते.

स्नेहलतागंज_ताई
क्रम कुठलाही घ्या, पण फक्त रंगांवर विसंबू नका, ही कळकळीची विनंती. माझ्या मुलाला लाल-हिरव्यातला फरक कळत नाही. सुपर फॅमिकॉमवर ए लाल होता, एक्सबॉक्सवर ए हिरवा आणि बी लाल. ‘लाल दाब’ म्हटलं की तो थांबतो. अक्षर मोठं आणि ठसठशीत हवं, बोटाला लागेल असं उठावाचं असेल तर फारच छान.

सराफा_रात्र
ताई, मग आकृत्या काढाव्यात का? सोनीने १९९४ मध्ये प्लेस्टेशनच्या बटणांवर त्रिकोण, गोल, फुली, चौकोन आणले, ते रंगाशिवायही ओळखू येतात.

जेलरोड_रिपेअर
त्यानेही भांडण मिटलं नव्हतं. जपानमध्ये गोल म्हणजे ‘हो’, फुली म्हणजे ‘नाही’. अमेरिकेत फुलीच ‘हो’. २०२० मध्ये प्लेस्टेशन ५ आला तेव्हा कुठे जपानमध्येही फुली ‘हो’ झाली.

खजराना_कोडर
माझ्या मते अक्षरंच नकोत. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, या बटणांना दिशांची नावं आहेत: उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम. गेम बनवणारे वापरतात त्या एसडीएल लायब्ररीच्या (तयार कोडच्या संचाच्या) तिसऱ्या आवृत्तीनेही तेच केलं. बटणं कोरी ठेवा आणि पडद्यावर चार ठिपके दाखवून त्यातला एक भरा.

रामबागकर
नव्या गेममध्ये जमेल. पण जुन्या गेमचा मजकूर गेमच्या आतच कोरलेला असतो, तो मी कसा बदलू? आणि घरी लहान भावंडाला फोनवरून समजावताना ‘ए दाब’ एवढंच सांगता यावं, याला मी फार महत्त्व देतो. कोरं बटण तिथे उपयोगाचं नाही. ताईंचं मात्र पूर्ण मान्य: चारही बटणं एकाच करड्या रंगाची, अक्षर पांढरं आणि उठावाचं.

जेलरोड_रिपेअर
पांढरं अक्षर वरून छापू नका, अंगठ्याच्या घामाने पुसट होत जातं. दोन रंगांचं प्लॅस्टिक एकात एक ओतून काढलेलं अक्षर झिजत नाही. त्याची डाय महाग पडेल, तरी तिथे पैसे वाचवू नका. आणि चारही टोप्यांचा आकार सारखाच ठेवा, म्हणजे माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी ए-बी आणि एक्स-वाय काढून उलटे बसवून देईन.

रामबागकर
टोप्या सारख्याच ठेवतो. पण डब्यातून निघेल तेव्हा ए उजवीकडेच असेल.