मालकीण विधवा होती, कूळ 1956 पासूनचं – आता कूळकायद्याचं कलम 32ग (कुळाच्या खरेदीची किंमत ठरवणं) होईल का?

तापीकाठ: चोपडा तालुका, 1 हेक्टर 60 आर काळी जमीन. 1956-57 च्या पाहणीत कुळाचं नाव आहे, सातबाऱ्यावर इतर हक्कात ‘साधे कूळ’. 1 एप्रिल 1957 ला, म्हणजे कृषकदिनी (कसणारं कूळ कायद्याने मालक ठरलं तो दिवस), मालकीण विधवा होती. ती 1981 ला वारली. वारसांनी नावं लावून घेतली, कुळाला काहीच कळवलं नाही. कुळाची पोरं आजही जमीन कसताहेत. वारस म्हणतात, खरेदीची मुदत 1983 लाच गेली, शिवाय तो कूळ नव्हे, सालदार (सालाच्या मजुरीवरचा गडी) होता. जमीन विकायला काढली आहे. काय करावं?

गिरणापट्टा: आधी मुदतीचं बघू. मालकीण विधवा असेल तर 1957 ला कूळ आपोआप मालक होत नाही, कलम 32फ लागतं. तिच्यानंतर वारसांना जमीन परत मागायला एक वर्ष, ते संपलं की कुळाला खरेदीची सूचना द्यायला एक वर्ष. 1983 आलं ते इथून. पण सप्टेंबर 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितलं की, विधवेचा हक्क संपल्याचं वारसांनी कुळाला कळवलं पाहिजे. कुळाला अंधारात ठेवून मुदत मोजायची, हा अन्यायच होता. आता थांबू नका. सगळ्या वारसांना रजिस्टर पोस्टाने पोचपावतीसह सूचना पाठवा आणि तीच प्रत जोडून तहसीलदार व शेतजमीन न्यायाधिकरण यांच्याकडे अर्ज द्या. एक वारस जरी सुटला तरी प्रकरण पुढे अडतं.

सातपुडा_रावेर: सालदाराचा मुद्दा आपल्या खान्देशात हमखास काढतात. कलम 4 नीट वाचा: रोख किंवा धान्याच्या ठरीव मजुरीवरचा नोकर कूळ नाही, पण पिकाचा हिस्सा घेऊन कसणारा त्या अपवादात बसत नाही. त्यामुळे खंडाच्या पावत्या, बटाईचा लेखी हिशोब आणि जुन्या पीकपाहणीतली ‘रीत 3’ (कुळाने कसल्याची नोंद) शोधा. तहसीलच्या अभिलेख कक्षातून 1950 नंतरच्या सलग पाहण्यांच्या आणि फेरफारांच्या नक्कल प्रती काढा. मधली दोन वर्षं गायब असली की समोरचा वकील नेमकं तिथेच बोट ठेवतो.

विक्रीला मनाईसाठी एकदम दिवाणी कोर्टात धावू नका. कुळाचा वाद निघाला की कलम 85अ खाली तो प्रश्न तहसीलदाराकडेच येतो आणि दावा तोवर लटकतो. कूळच नाकारत असतील तर कलम 70ब खाली कूळ ठरवून घ्यायचा अर्ज करा. निकाल विरुद्ध गेला तर अपिलाला 60 दिवस.

गिरणापट्टा: किमतीचं राहिलं. कायम कूळ नसेल तर आकाराच्या (शेतसाऱ्याच्या) 20 ते 200 पट, वर मालकाने बांधलेली विहीर, झाडं आणि थकलेला खंड. आकार 9 रुपये असेल तर मूळ किंमत 180 ते 1800 रुपये. तारखेला हजर राहा; कूळ आलं नाही किंवा घेत नाही म्हणालं तर खरेदी निष्प्रभ ठरते आणि कलम 32प (जमीन कुळाकडून काढून घ्यायचं) लागतं. चलन भरल्यावर कलम 32म चं खरेदी प्रमाणपत्र घ्या आणि लगेच फेरफार करून घ्या. पुढे विकायची झाली तर खरेदीला 10 वर्षं झाल्यावर आकाराच्या 40 पट नजराणा भरला की कलम 43 ची परवानगी लागत नाही.