कधीतरी होणारा मलावरोध आणि घरी घेतले जाणारे रेचक : आपले अनुभव लिहावेत

गेल्या चातुर्मासात आमच्या सदाशिव पेठेतल्या घरी जे घडले, त्यावरून हा धागा काढत आहे. सासूबाईंचे वय ७४. सलग तीन दिवस साबुदाणा आणि बटाटा खाण्यात आल्याने त्यांना शौचास झाले नव्हते, म्हणून त्यांनी रात्री ९ वाजता बिसाकोडिलच्या ५ मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या घेतल्या. ११ वाजले तरी काही होईना, तेव्हा कोणालाही न उठवता त्यांनी आणखी दोन घेतल्या. पहाटे ४ वाजता तांब्या पडल्याचा आवाज ऐकून मी धावले, तर त्या न्हाणीघराच्या भिंतीला धरून उभ्या होत्या; हात गार पडले होते, पोटात मुरडा येत होता आणि चौथा जुलाब झाला होता. जलसंजीवनी घोट घोट पाजत सकाळ केली आणि डॉक्टरांकडे नेले. या गोळीचा गुण यायला ६ ते १२ तास लागतात, असे त्यांनी सांगितले. म्हणजे पहिल्या दोन गोळ्या वाया गेल्या नव्हत्या, त्यांची वेळ व्हायची होती.

आपण कोणते रेचक घेतले, किती पाण्याबरोबर घेतले, किती वेळाने गुण आला आणि कुठे चुकले, हे कृपया लिहावे. शौचाविषयी बोलण्याचा आपल्याकडे फार संकोच असतो, आणि त्यापायी माणसे औषधाच्या दुकानात ‘पोट साफ व्हायचे काहीतरी द्या’ एवढेच हळू आवाजात सांगून परत येतात.

हडपसर, औषधविक्रेता

हळू आवाजातले ते वाक्य मी रोज ऐकतो. त्यावर मी आधी विचारतो की पोटात दुखते का, उलटी किंवा ताप आहे का, आणि मूत्रपिंडाचा काही त्रास आहे का. काही वर्षांपूर्वी वसतिगृहात राहणारा एक मुलगा जुलाबाची गोळी मागायला आला होता. दुखणे बेंबीपाशी सुरू होऊन उजवीकडे खाली सरकले आहे, असे तो म्हणाला आणि उभा राहतानाही कमरेत वाकत होता. मी गोळी दिली नाही, रिक्षात बसवून रुग्णालयात पाठवले, अपेंडिक्स निघाले. अशा दुखण्यात रेचक दिले तर आतली सुजलेली आतडी फुटण्याचा धोका असतो, म्हणून तिथे मी गिऱ्हाइकाची नाराजीही पत्करतो.

दुसरी गोष्ट वेळेची, जी धाग्याच्या सुरुवातीलाच आली आहे. बिसाकोडिल आणि सोनामुखी रात्री घेतली तर सकाळी गुण येतो. लॅक्टुलोजच्या पातळ औषधाला एक ते दोन दिवस लागतात, पॉलिइथिलीन ग्लायकॉलच्या भुकटीला एक ते तीन दिवस, इसबगोलालाही साधारण तेवढेच; कारण ही औषधे आतड्यात पाणी धरून मल मऊ करतात आणि ते काम सावकाशच होते. बिसाकोडिलच्या गोळीवर असे आवरण असते की ती जठरात न विरघळता पुढे आतड्यात विरघळावी. म्हणून ती चावू नये, कुटू नये, आणि दूध किंवा आम्लपित्ताचे औषध तिच्या आगेमागे तासभर घेऊ नये; नाहीतर आवरण लवकर सुटते आणि पोटात कळा येतात. डॉक्टरांना न विचारता कोणतेही रेचक आठवड्यापेक्षा जास्त दिवस घेऊ नये, हे मी पाकिटावर पेनाने लिहूनच देतो.

कोथरूड, निवृत्त बँक कर्मचारी, वय ६६

मी इसबगोल चमचाभर तोंडात टाकून वर दोन घोट पाणी पीत असे. एका रात्री ते छातीत मध्येच अडकले. ना खाली जाईना, ना वर येईना, आणि थुंकी गिळणेही जमेना. अर्ध्या तासाने ते उतरले, पण तो अर्धा तास मी विसरलेलो नाही. हा भुसा पाणी शोषून अनेक पटींनी फुगतो, तेव्हा त्याला पाणी कमी पडता कामा नये. आता मी तो पूर्ण पेलाभर पाण्यात ढवळून घट्ट होण्याआधी पितो, वर आणखी एक पेला पाणी पितो आणि लगेच आडवा होत नाही. इतर गोळ्यांमध्ये आणि यामध्ये दोन तासांचे अंतर ठेवतो.

धनकवडी, गृहिणी

दुसऱ्या बाळाच्या वेळी लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या आणि माझा मल खडा होऊ लागला. माझी आजी मायेने एरंडेल घेऊन आली, कारण तिच्या लहानपणी घरातल्या सगळ्या पोरांना ते दिले जाई. आमच्या डॉक्टरीणबाईंनी मात्र गरोदरपणात एरंडेलाला स्पष्ट नकार दिला, त्याने गर्भाशयाला कळा येऊ शकतात म्हणून, आणि लॅक्टुलोज लिहून दिले. पहिल्या दिवशी नुसता वात धरला, तिसऱ्या दिवशी सकाळी कुंथावे न लागता शौचास झाले. आजीला वाईट वाटू नये म्हणून बाटली ठेवून घेतली, ती कंबरेच्या मालिशीला उपयोगी पडली.

वारजे

वडिलांचे मूत्रपिंड अशक्त आहे, त्यांच्यासाठी मिल्क ऑफ मॅग्नेशिया आणले होते. औषधातले मॅग्नेशियम अशा रुग्णाच्या रक्तात साठत जाते, हे समजल्यावर न उघडताच परत केले.

बिबवेवाडी, वय ५९

‘झाडपाल्याचे आहे, अपाय होणार नाही’ या विश्वासाने मी दोन वर्षे रोज रात्री सोनामुखीचे चूर्ण घेतले. चमचा अर्ध्यावरून दीडवर गेला. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळीही चालू होती. रात्री पोटऱ्यांत गोळे येऊ लागले, अशक्तपणा आला, आणि तपासणीत पोटॅशियम कमी निघाले. डॉक्टरांनी चूर्ण हळूहळू सोडवले आणि सकाळी चहानंतर दहा मिनिटे, पायाखाली ठेंगणा पाट घेऊन, शौचाला बसण्याची सवय लावली. मला त्या सवयीला दोन महिने लागले. सोनामुखी वाईट नाही, पण ते चार दिवसांचे औषध मी रोजचे केले.

सदाशिव पेठ, धागा काढणारी

सर्वांचे आभार. सासूबाईंनी हे अनुभव मला मोठ्याने वाचायला लावले, आणि हडपसरच्या दादांचे आम्लपित्ताच्या औषधाबद्दलचे वाक्य दोनदा. त्या रात्री गोळ्यांच्या आधी छातीत जळजळ झाली म्हणून आपण गुलाबी पातळ औषधाचे दोन चमचे घेतले होते, हे त्यांनी तेव्हा पहिल्यांदा सांगितले. डॉक्टरांना ही गोष्ट ठाऊक नाही. उद्या सकाळी दोन्ही पाकिटे घेऊन आम्ही त्यांच्याकडे जात आहोत.