पर्सनॅलिटी टेस्टमध्ये अडकतो आहे. ऑटिझम असलेल्यांनी उत्तरं कशी ठरवायची?

वर्धारोड_बीकॉम

नमस्कार. मी ऑटिस्टिक आहे. नागपूरच्या मिहान आणि आयटी पार्कमधल्या बॅक ऑफिस, डेटा एन्ट्री, बिलं तपासणं अशा जागांसाठी अर्ज करून राहिलो आहे. टायपिंग, एक्सेल, गणित यांत अडचण नाही. अडचण पर्सनॅलिटी टेस्टची आहे. नेमकी कुठे ते लिहितो.

१. "मला लोकांमध्ये राहायला आवडतं." पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत, पाच पर्याय. कोणते लोक? किती? किती वेळ?

२. तीन वाक्यं देतात. सर्वांत जास्त लागू आणि सर्वांत कमी लागू निवडा म्हणतात. तिन्ही लागू असली तर? एकही नसलं तर?

३. "सहकारी तुमच्यावर चिडला आहे, तुम्ही काय कराल?" का चिडला ते लिहिलेलंच नसतं.

"फार विचार न करता मनात येईल ते निवडा" या सूचनेचा मला उपयोग होत नाही. खरं उत्तर द्यायचं की त्यांना हवं ते? आणि ऑटिझमबद्दल कंपनीला आधी सांगायचं का?

धरमपेठ_मानसशास्त्र

पहिल्या प्रश्नावर सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात जास्त गुण तिथेच जातात.

ही वाक्यं मुद्दाम मोघम ठेवलेली असतात. एकच प्रश्नावली कारकुनालाही द्यायची असते आणि सेल्स मॅनेजरलाही. बहुतेक जण वाचताना "ऑफिसातलं विचारताहेत" असं न कळत धरून पुढे जातात. तुम्हाला ते आपोआप होत नसेल, तर टेस्ट उघडण्याआधी एक ओळ ठरवून घ्या: "कामाच्या ठिकाणी, नेहमीचं काम, ओळखीचे चार-सहा सहकारी, साधा दिवस." ही ओळ प्रत्येक वाक्याच्या आधी लावायची आणि शेवटपर्यंत बदलायची नाही. मग तुमचं वाक्य असं होतं: ओळखीच्या चार-सहा जणांच्या खोलीत आठ तास बसून नेहमीचं काम करणं मला चालतं का? लग्नातली गर्दी, संध्याकाळची सीताबर्डी यात धरायची नाही. अनेकांचं उत्तर इथे "असहमत"वरून "सहमत"वर येतं. त्यात खोटं काही नाही. मालकाला जे जाणून घ्यायचं आहे, त्याचंच हे उत्तर आहे.

दुसरी गोष्ट "नेहमी", "बऱ्याचदा", "क्वचित" या शब्दांची. कामाचे दहा दिवस डोळ्यांसमोर घ्या. ० ते १ दिवस म्हणजे पूर्ण असहमत, २ ते ३ असहमत, ४ ते ६ मधला पर्याय, ७ ते ८ सहमत, ९ ते १० पूर्ण सहमत. एक उदाहरण बघा. "मी माझं काम नेहमी पुन्हा तपासतो." दहापैकी नऊ दिवस तुम्ही बिलाची बेरीज दोनदा बघता. एक दिवस सुटला म्हणून "नेहमी" खोटं ठरतं, आणि तुम्ही "सहमत"वर थांबता. पण तुमच्या गुणांची तुलना हीच टेस्ट आधी दिलेल्या लोकांशी होते, आणि ते नऊलाच काय, आठलाही "पूर्ण सहमत" करून मोकळे होतात. बऱ्याच रिपोर्टमध्ये निकाल १ ते १० च्या पट्टीवर येतो, सरासरी ५.५ धरून. शब्दशः वाचणारा माणूस स्वतःच्या सर्वांत पक्क्या गुणातच सरासरीच्या खाली दिसतो. फार वाईट वाटतं हे बघून, कारण काटेकोरपणाची शिक्षा काटेकोर माणसालाच होते.

मधला पर्याय "माहीत नाही" म्हणून वापरू नका. वीस-पंचवीस ठिकाणी तो आला की रिपोर्ट सपाट येतो आणि वाचणाऱ्याला वाटतं की उमेदवाराने टाळाटाळ केली.

उलटी वाक्यंही असतात: "मी तपशिलात फारसा जात नाही." अशा वेळी "नाही" बाजूला काढा, उरलेल्या वाक्याचं उत्तर ठरवा, मग ते उलटं करून लावा. तेच विधान पुढे सुलट येतं आणि दोन्ही उत्तरं जुळतात का ते तपासलं जातं. वरची ओळ आणि दहा दिवसांचं माप कायम ठेवलं की ती जुळतातच.

"मी कधीच कोणावर रागावलो नाही" या जातीची वाक्यं वेगळी. ती स्वतःला फार चांगलं दाखवणारा पकडायला घातलेली असतात. तिथे मात्र दहा दिवस सोडा आणि शब्दशःच वाचा: आयुष्यात एकदा जरी रागावला असाल तर असहमत.

हिंगणा_प्लेसमेंट

ताईंनी सांगितलेली ओळ तीन वाक्यांच्या गटालाही लावा. समजा असा गट आला:

अ) मी काम ठरल्या वेळेत संपवतो.
ब) मी अनोळखी लोकांशी सहज बोलतो.
क) मी निर्णयाआधी इतरांचं मत विचारतो.

तिन्ही एकदम तोलू नका, तिथेच डोकं अडकतं. जोड्या लावा: अ की ब, ब की क, अ की क, दहा दिवसांत कोणतं जास्त वेळा घडतं एवढंच बघा. तिन्ही लागू वाटली तर वाईट दिवस आठवा, डेडलाइन आहे, आवाज आहे, झोप झालेली नाही. अशा दिवशी सर्वांत आधी जे सुटतं ते "सर्वांत कमी लागू", जे टिकतं ते "सर्वांत जास्त". एकही लागू नसलं तर सर्वांत कमी खोटं कोणतं ते वर ठेवा. या प्रकारात प्रत्येक निवडीत एक स्वभावगुण वर जातो आणि दुसरा खाली, त्यामुळे सगळीकडे चांगलं दिसणं शक्यच नसतं. जागेच्या जाहिरातीत "अचूकता", "वेळेत" असे शब्द असतील आणि जोडी खरोखर बरोबरीची असेल, तर अ वर ठेवायला हरकत नाही.

किती गट येतात ते आधी बघून ठेवा. एसएचएल कंपनीच्या ओपीक्यू३२आर या टेस्टमध्ये तीन-तीन वाक्यांचे १०४ गट आहेत. गटाला २० सेकंद धरले तरी ३५ मिनिटं होतात. अर्ध्यावर थकवा येतो आणि मग निवड कशीही व्हायला लागते. मध्येच सेव्ह करून थांबता येतं का, हे सूचनांच्या पानावर दिलेलं असतं. सुरू करण्याआधी ते वाचा.

परिस्थितीच्या प्रश्नांत आधी प्रश्नाचं क्रियापद बघा. "काय कराल" आणि "काय करायला हवं" हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्यात तुमची सवय विचारतात, दुसऱ्यात ऑफिसचा रिवाज. जी माहिती दिलेली नाही ती स्वतःहून भरू नका: चोरी लिहिली नसेल तर चोरी नाही, आधी भांडण लिहिलं नसेल तर भांडण नाही. बहुतेक टेस्टमध्ये त्या माणसाशी आधी स्वतः आणि एकट्यात बोलणं वरचं धरतात. दुर्लक्ष करणं किंवा पहिल्याच झटक्यात साहेबांकडे जाणं खालचं. सुरक्षितता, पैशांचा घोळ, ग्राहकाची गोपनीय माहिती असेल तर उलट, तिथे आधी वरिष्ठांना सांगायचं.

खरं की हवं ते, याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: खरंच उत्तर द्या. रिपोर्टसोबत मुलाखतीत विचारायचे प्रश्नही छापून येतात. "अनोळखी लोकांशी सहज बोलतो"ला वर ठेवलंत की त्यावरच उदाहरण मागतात, आणि निवड झालीच तर फोनवर बसवतात.

सिव्हिललाइन्स_वकील

सांगायचं का, याचं उत्तर जागा सरकारी की खासगी यावर थोडं बदलतं.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये ऑटिझमचा समावेश आहे. कलम २० नुसार सरकारी आस्थापनेला वाजवी सोयी द्याव्याच लागतात. खासगी कंपनीवर तितकं थेट बंधन नाही. पण कलम २१ नुसार प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करायचं असतं, आणि २० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तर २०१७ च्या नियमांप्रमाणे त्यात निवडीची पद्धत आणि संपर्क अधिकाऱ्याची नेमणूक यायला हवी. अर्जाआधी कंपनीच्या वेबसाइटवर हे धोरण शोधा. सोय मागणाऱ्या मेलमध्ये त्याचा उल्लेख आला की मेल एचआरच्या ढिगात पडून राहत नाही.

यूडीआयडी कार्ड (सरकारी दिव्यांग ओळखपत्र) असेल तर जोडा. प्रमाणपत्रावर ४० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर आरक्षण मिळत नाही. सोय मागणं मात्र सोडू नका. विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये परीक्षेतल्या लेखनिकासाठी ४० टक्क्यांची अट लावता येणार नाही असं म्हटलं आणि सोय त्या-त्या व्यक्तीच्या गरजेप्रमाणे ठरवायला सांगितलं.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नासारखाच वाद ब्रिटनमध्ये झाला आहे. तिथल्या सरकारी विधी सेवेच्या भरतीत एका ॲस्पर्जर (ऑटिझमचाच एक प्रकार) असलेल्या उमेदवाराने परिस्थितीच्या प्रश्नांना पर्यायांऐवजी दोन-चार ओळींत लिहून उत्तर द्यायची परवानगी मागितली, ती नाकारली गेली. २२ पैकी १४ गुण लागत होते, १२ मिळाले. २०१७ मध्ये अपील न्यायाधिकरणाने हा भेदभाव ठरवला. आपल्याकडे तो निकाल बंधनकारक नाही, पण कोणती सोय मागायची याचा नमुना म्हणून चांगला आहे.

टेस्टची लिंक उघडण्याआधी मेल पाठवा. लिंकची मुदत बहुधा दोन-तीन दिवसांचीच असते आणि एकदा सुरू केलेली टेस्ट थांबवून सोय मिळत नाही. मजकूर साधारण असा, इंग्रजीत करून घ्या:

"मला … पदाच्या चाचणीची लिंक मिळाली आहे. मी ऑटिस्टिक आहे. संदर्भ नसलेल्या विधानांचा अर्थ लावायला मला जास्त वेळ लागतो. कृपया (१) दीडपट वेळ, (२) 'सर्व वाक्यं कामाच्या ठिकाणाबद्दल समजावीत का' याचं लेखी उत्तर, (३) परिस्थितीवर आधारित प्रश्नांना थोडक्यात लिहून उत्तर देण्याची मुभा द्यावी. ते शक्य नसल्यास प्रत्यक्ष कामाचा एक तासाचा नमुना द्यायला मी तयार आहे. सोय मंजूर होईपर्यंत लिंकची मुदत वाढवावी."

निदान सांगायचं नसेल तर दुसरं वाक्य गाळा. पहिल्या दोन मागण्या तशाही मान्य होऊ शकतात. कायद्याचा आधार मात्र मग घेता येत नाही. सरकारी जागेसाठी नकार आला तर तो लेखी मागा, पुढे पुण्याच्या राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करताना तोच कागद लागतो.

वर्धारोड_बीकॉम

सगळ्यांचे आभार. ती ओळ आणि दहा दिवसांचं माप कार्डावर लिहून समोर ठेवलं तर चालेल का? कॅमेरा सुरू असतो.

हिंगणा_प्लेसमेंट

कॅमेरा नसलेल्या टेस्टला बिनधास्त ठेवा. कॅमेरा असेल तर पुन्हा पुन्हा खाली बघणं नोंदवलं जातं, म्हणून कार्डाची परवानगी त्याच मेलमध्ये चौथा मुद्दा म्हणून मागा. नजर स्क्रीनवरून हटण्याची सवय असेल तर तेही तिथेच लिहा. मंजुरी नाही आली तर कार्ड पाठ करा. आदल्या दिवशी घरी २० वाक्यांवर ते माप लावून बघितलं की बसतं.

अजून एक, एप्रिल-मेमध्ये टेस्ट असेल तर. मायक्रोफोनवर देखरेख असेल तेव्हा डेझर्ट कूलरचा आवाज "खोलीत दुसरं कोणी आहे" म्हणून नोंदला जाऊ शकतो. सकाळी सात-आठची वेळ घ्या, कूलर बंद ठेवून पंख्यावर बसा. लाईट गेली तर मोबाईलचं नेट तयार असू द्या, आणि स्क्रीनचा फोटो व वेळ लगेच सपोर्टला पाठवा.