डॉट ऑर्गचे दर: धोरण आणि करार यांच्या मधल्या फटीत दाद कुठे मागायची?

नमस्कार मंडळी,

आमच्या तालुक्यातल्या वाचनालयाची वेबसाइट मी सांभाळतो. पत्ता डॉट ऑर्गचा आहे. जुने दिवाळी अंक आणि स्थानिक साप्ताहिकं स्कॅन करून तिथे ठेवली आहेत, अभ्यासक लेखांमध्ये त्यांचे दुवे देतात. या नावाच्या नूतनीकरणाचा विषय निघाला तेव्हा खजिनदारांनी विचारलं, "हा दर ठरवतो कोण, आणि उद्या दुप्पट केला तर दाद कुणाकडे मागायची?" दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला सापडत नाहीये.

आतापर्यंत समजलं ते असं. डॉट ऑर्ग चालवते पब्लिक इंटरेस्ट रजिस्ट्री. आपला रजिस्ट्रार, म्हणजे ज्या कंपनीकडून आपण नाव घेतो ती, तिच्याकडून घाऊक दराने नाव घेतो. रजिस्ट्रीचा करार आयकॅनशी, म्हणजे डोमेन नावांचा जागतिक कारभार पाहणाऱ्या संस्थेशी असतो. जुन्या करारात हा घाऊक दर वर्षाला 10 टक्क्यांहून जास्त वाढवता येत नव्हता. 30 जून 2019 रोजी नवा करार झाला आणि ती मर्यादा गेली. मसुद्यावर तीन हजारांहून जास्त अभिप्राय आले होते, बहुतेक सगळे विरोधात. तरीही मर्यादा काढलीच.

मग धोरणाच्या वाटेने जावं म्हटलं. आयकॅनमध्ये जीएनएसओ ही संघटना डॉट ऑर्गसारख्या डोमेनांसाठी सर्वसंमतीची धोरणं तयार करते आणि ती पाळणं रजिस्ट्रीला करारानेच बंधनकारक असतं. पण त्याच कराराच्या पहिल्या परिशिष्टात म्हटलंय की अशा धोरणाने रजिस्ट्री सेवांचा दर ठरवता येणार नाही, त्यावर मर्यादाही घालता येणार नाही. म्हणजे धोरण ठरवणाऱ्यांना दराला हात लावता येत नाही, आणि कराराची बोलणी फक्त दोघांत होतात.

उलट जे धोरणाने ठरायला हवं, ते करारातून येतं. ट्रेडमार्कच्या तक्रारीवरून नाव झटपट गोठवणारी यूआरएस पद्धत मुळात नव्याने आलेल्या डोमेन प्रकारांसाठी होती. डॉट ऑर्गसारख्या जुन्यांनाही ती लावावी का, हा प्रश्न जीएनएसओच्या 2016 मध्ये सुरू झालेल्या कार्यगटापुढे होता. त्याचं काम संपायच्या आत 2019 च्या करारातून ती डॉट ऑर्गला लागू झाली! सगळ्यांचे करार शक्यतो एकसारखे असावेत, हे आयकॅनचं म्हणणं मला पटतं. पण चर्चा चालू असलेला विषय दोन सह्यांनी निकाली निघणार असेल, तर कार्यगटात राबणाऱ्या स्वयंसेवकांनी वेळ का द्यावा?

करार नेहमी आपल्या विरोधातच जातो असंही नाही. नोव्हेंबर 2019 मध्ये या रजिस्ट्रीची पालक संस्था असलेल्या इंटरनेट सोसायटीने ती एथॉस कॅपिटल या खासगी गुंतवणूक कंपनीला 1.135 अब्ज डॉलरला विकायचं जाहीर केलं होतं. 30 एप्रिल 2020 रोजी आयकॅनच्या संचालक मंडळाने संमती नाकारली, आणि तो अधिकार करारातूनच आला होता. दरमर्यादा काढण्याविरुद्धची लढाई नेमचीप या रजिस्ट्रारने लवादासारख्या स्वतंत्र पुनरावलोकनापर्यंत नेली. डिसेंबर 2022 मध्ये पॅनेलने आयकॅनने स्वतःच्याच उपविधींचा भंग केल्याचा निर्णय दिला. मर्यादा मात्र त्यामुळे परत आली नाही. एवढा खर्च एखादं वाचनालय कुठून करणार?

जाणकारांना दोन गोष्टी विचारायच्या आहेत.

एक, हा करार 30 जून 2029 पर्यंत आहे. जीएनएसओमध्ये ना-नफा संस्थांसाठी एनपीओसी नावाचा गट आहे. तिथे कुणी सदस्य आहे का? करार नवा होताना त्या गटाचं म्हणणं खरोखर विचारात घेतलं जातं, की तेही अभिप्रायांच्या ढिगात जातं?

दोन, नूतनीकरणाचा दर वाढवण्याआधी रजिस्ट्रीला रजिस्ट्रारांना 180 दिवसांची सूचना द्यावी लागते, आणि तोवर जुन्या दराने दहा वर्षांपर्यंत मुदत वाढवता येते. ही सूचना आपल्यासारख्या ग्राहकापर्यंत पोहोचते का? तुमच्या रजिस्ट्रारने कधी कळवलंय?

डॉट इनवर जायचं कृपया सुचवू नका. तिथला कारभार निक्सी या भारतीय संस्थेकडे आहे, तो विषय वेगळा, आणि पत्ता बदलला की छापील लेखांतले सगळे दुवे तुटतात. दहा वर्षांचे पैसे एकरकमी भरायचे का, हे विश्वस्तांना पुढच्या बैठकीत सांगायचंय, तेव्हा अनुभव असेल तर जरूर लिहा.