‘सखाराम बाइंडर’मधला मार: दाखवायचा की ऐकवायचा?

तिसरी_घंटा: तेंडुलकरांचं हे नाटक सोलापुरात हुतात्मा स्मृती मंदिरात करायचं झालं तर आरतीचा प्रवेश कसा घ्यावा? सखारामचा मुसलमान मित्र दाऊद गणपतीची आरती म्हणू लागतो, सखारामनं लग्नाविना घरी ठेवलेली लक्ष्मी त्याला अडवते, सखाराम तिला पट्ट्यानं मारतो. माझं मत: मार विंगेत न्यावा. आतून पट्ट्याचा आवाज, उजेड एकट्या दाऊदवर. तो ऐकत उभा राहतो, काही करत नाही. प्रेक्षकही तेच करत असतो.

नेपथ्य_सोलापूर: साफ नामंजूर. 1972 साली सेन्सॉरनं 32 काटछाटी सांगितल्या, दिग्दर्शक कमलाकर सारंग हायकोर्टात गेले, आणि आपण आपल्याच हातानं मार विंगेत ढकलायचा? दिसू दे, फक्त नीट बसवा. पट्ट्याचं बक्कल काढा. सखाराम प्रेक्षकांना पाठमोरा, लक्ष्मी त्याच्यापलीकडे खाली, दोघांत पट्ट्याच्या लांबीपेक्षा हातभर जास्त अंतर. पट्टा पडतो तो तिच्या बाजूच्या कोरड्या फळीवर. फळीवर चादर टाकू नका, आवाज मरतो. सोलापुरी चादर चौघडी करून तिच्या गुडघ्यांखाली घाला. आधी ती आकसते, मग पट्टा खाली येतो. नट घाईत हा क्रम उलटा करतात आणि सगळं खोटं दिसतं. वार तीन, फार तर चार. पुढे लोक मोजायला लागतात.

विंगेतली_ताई: दादा, फळीचं पटलं, पण दाखवण्यात दुसराच धोका आहे. लक्ष्मीनंतर सखारामकडे आलेली चंपा आपल्या नवऱ्याला, फौजदार शिंदेला, बडवते तेव्हा लोक हसतात. मार बघायला मजा येते, हे त्यांना तिथं कळलेलं असतं. शिवाय सखारामचं काम करणारा दमदार असला की डोळे त्याच्यावरच खिळतात, लक्ष्मी नुसती निमित्ताला उरते. रात्री तो तिला जबरदस्तीनं हसायला लावतो, तो प्रवेश आठवा. अंधारात नुसते दोन आवाज पुरतात, अंगावर काटा येतो.

कोर्टाची_पायरी: मी दाखवण्याच्या बाजूची. सखारामचा सगळा युक्तिवाद असा की मी नवरा नाही, लग्न नाही, दार उघडं आहे, पटत नसेल तर जा. 1972 मध्ये दंड संहितेत 498अ, म्हणजे बायकोच्या छळाचं कलम, नव्हतं, ते 1983 चं. आणि तेही नवरा व त्याच्या नातेवाइकांपुरतं होतं. लग्नासारख्या संबंधात राहणारी बाई कायद्याला दिसली ती 2005 च्या घरगुती हिंसाचाराविरुद्धच्या कायद्यानं. तेंडुलकरांनी ती त्याच्या 33 वर्षं आधी मंचावर उभी केली. तिला पुन्हा विंगेत का पाठवता?

तिसरी_घंटा: हा मुद्दा मोठा आहे, मानतो. आवाज विंगेतून, पण मारानंतर लक्ष्मी उजेडात येऊन सांडलेलं पूजेचं सामान एकेक करून उचलेल. संगीत नाही, पूर्ण एक मिनिट. एवढं चालेल?

नेपथ्य_सोलापूर: मिनिट चालेल. विंग नाही.

विंगेतली_ताई: शेवटी सखाराम चंपाचा गळा दाबतो, ते आत्ताच ठरवून ठेवा. सखारामचे अंगठे गळ्यावर नकोत, तळवे गळपट्टीच्या हाडावर. चंपा त्याची मनगटं धरून स्वतःकडे ओढेल, तो बाहेरच्या बाजूला ताणेल. बघणाऱ्याला ती सुटायला धडपडतेय असंच वाटतं, आणि जोर तिच्या हातात राहतो. तालमीत रोज आधी निम्म्या वेगानं.