फांद्या छाटायला आणि सरपणाला छोटा चेनसॉ कोणता घ्यावा?

रानपाखरू:
मंडळी, सल्ला हवाय. झाडं पाडायची नाहीयेत, पडलेल्या खोडाच्या फांद्या साफ करायच्या आणि त्याचंच सरपण पाडायचं, बहुतेक माल मांडीएवढा, त्याहून जाड क्वचितच. ज्याला विचारावं तो म्हणतो ५८ सीसी, २२ इंची बार (चेन जिच्यावर फिरते ती पट्टी), एकदाच घेताय तर मोठाच घ्या. पण तो नुसता हातात धरला तरी मनगट बोंबलतंय. लहान पुरेल का? आणि पेट्रोल की बॅटरी?

दांडपट्टा:
२२ इंची विसरा हो. ओंडका कापताना निदान बार लाकडावर टेकतो, छाटताना मशीनचा सगळा भार हातावरच, वर लांब बारचं टोक पलीकडच्या फांदीला कधी लागतं ते कळतच नाही आणि टोकाचा वरचा भाग लागला की मशीन उसळून थेट अंगावर येतं, किकबॅक म्हणतात तो हाच. १२ ते १४ इंची बार आणि ३०-४० सीसी, बास. उदाहरणार्थ स्टिलचा एमएस १७० बघा, ३०.१ सीसी, बार-चेन सोडून साधारण ४ किलो, तुमच्या मालाला खूप झाला. चेन ब्रेक (मशीन उसळलं की चेन जागीच थांबवणारा) नसलेलं काही फुकट दिलं तरी नको. आणि ते वरून धरायचं टॉप हँडलवालं मॉडेल दिसायला गोंडस असतं, पण ते दोर बांधून झाडावर चढणाऱ्यांसाठी, खाली उभं राहून एका हाताने चालवायचा मोह होतो मग.

चार्जिंगपुरता:
छाटणीला बॅटरीवालाच भारी. बटण सोडलं की गप्प, एका फांदीवरून दुसरीवर जाताना इंजिन तडतडत नाही, दोरी ओढत बसायला नको. पण सरपणाचा ढीग पाडायचा तर जास्तीची बॅटरी लागणारच, वाळलेलं कठीण लाकूड चार्जिंग खाऊन टाकतं.

गंजका नट:
सगळे सीसी-सीसी करतात, धारेचं कोणी बोलत नाही. बोथट चेनपुढे ६० सीसी पण फुकट. खाली काय पडतंय ते बघायचं, जाड कीस पडतोय तोवर ठीक, पिठासारखी पूड पडायला लागली की थांबा आणि कानस काढा. छोट्या मशीनवर बहुतेक ३/८ इंची लो प्रोफाइल (ठेंगण्या दातांची) चेन असते, तिला ४ मिमीची गोल कानस, सगळ्या दातांना सारखेच हात मारायचे नाहीतर काप तिरका जातो. पेट्रोलमध्ये ऑइल पुस्तिकेत लिहिलंय तेवढंच, ५०:१ असेल तर लिटरला २० मिली. चेनचं ऑइल वेगळं, पेट्रोल भरलं की तेही भरायचं.

रानपाखरू:
धन्यवाद, १४ इंची पेट्रोलवालाच घेतो मग. पण खोड ज्या फांद्यांवर टेकलंय त्यांचं काय करायचं?

दांडपट्टा:
त्या सगळ्यात शेवटी. आधी वरच्या काढा, खोड तुमच्या आणि चेनच्या मधे राहील असं उभं राहा. खालची फांदी वाकून ताणलेली असेल तर आधी आतल्या, दबलेल्या बाजूने थोडी खाच, मग ताणलेल्या बाजूने हळूहळू. उलटं केलंत तर फांदी चिरफळते आणि फटकन तोंडावर येते. आणि ती सुटली की खोड घरंगळणार, म्हणून उताराच्या बाजूला उभं राहायचं नाही.